टायर बसल्यावरची पहिली दहा मिनिटं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सायनहून मुलुंडला घरी येताना, रात्री साडेआठला, घाटकोपर सोडल्यावर पुढचा डावा टायर बसला. मागून हॉर्न, बाजूने डंपर, गाडीत तुम्ही एकट्या. थांबायची भीती वाटली म्हणून कांजूरमार्गला पंक्चरवाला दिसेपर्यंत गाडी तशीच आणलीत, आणि त्याने टायर काढून आतला काळा भुगा तुमच्यासमोर जमिनीवर ओतला. टायर गेला, रिमची कडही वाकली. आता तुम्ही विचारताय की नेमकं काय करायला हवं होतं, टायरशिवाय आणखी काय काय रस्त्यात अडवू शकतं, आणि जाता जाता, एकच टायर बदलू की दोन.

मी भांडुपला गॅरेज चालवतो. अठ्ठावीस वर्षं झाली. त्याआधी चार वर्षं कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका उस्तादांच्या हाताखाली पाने उचलून द्यायचं काम केलं. बंद पडलेल्या गाड्या आणायला मी स्वतः जातो, त्यामुळे गाडी रस्त्यात कशी पडते आणि माणसं तिचं पुढे काय करतात, दोन्ही बघितलंय. बिघाडापेक्षा जास्त नुकसान बिघाडानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत होतं. खिळा लागला तर खर्च शंभर-दीडशे रुपये. त्याच टायरवर दोन किलोमीटर गेलात की चार-पाच हजार आणि वर रिम. गरम झालेलं इंजिन तिथेच बंद केलं तर एक होजपाइप, "ऑफिस जवळच आहे" म्हणून रेटलं तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडायचं काम. म्हणून मी नटबोल्टच्या आधी त्या दहा मिनिटांबद्दल बोलतो.

चालत्या गाडीत टायर बसल्याचं हाताला आधी कळतं. पुढचा असेल तर स्टिअरिंग त्या बाजूला ओढतं, मागचा असेल तर गाडीची शेपटी हलल्यासारखी वाटते आणि मग खालून थपथप आवाज सुरू होतो. तेव्हा ब्रेकवर उभं राहायचं नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, चारही इंडिकेटर एकदम लावायचे आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. तीस-चाळीसच्या खाली आल्यावर हलका ब्रेक आणि डावीकडे. टायर फटकन फुटला तर हे आणखीच महत्त्वाचं. फुटलेल्या टायरवर जोरात ब्रेक मारला की गाडी फिरते.

तुमची चूक गाडी पुढे नेण्यात नव्हती, किती पुढे आणि किती वेगाने नेली त्यात होती. उड्डाणपुलावर, वळणावर किंवा मधल्या लेनमध्ये टायर बसला तर तिथे थांबायचंच नाही. माणसाच्या चालीने, फार तर दोन-तीनशे मीटर, रडतखडत खाली उतरायचं. टायरची बाजू रिमच्या कडेखाली चिरडत जाते आणि आतलं रबर झिजून तो भुगा होतो, तेव्हा त्या टायरवर पाणी सोडायची तयारी ठेवायची. पूर्व द्रुतगती मार्गावर बऱ्याच ठिकाणी सर्व्हिस रोड आहे. तिथे शिरता आलं, किंवा दिव्याखाली रुंद जागा मिळाली, की काम झालं. पेट्रोल पंप दिसला तर त्याहून बरं. तुम्ही मात्र थांबायचं ठरवलंच नव्हतं.

सी लिंक, अटल सेतू, फ्रीवे, कोस्टल रोड यांचा हिशोब वेगळा. तिथे थांबायला मनाई आहे आणि पंक्चरवाला तर मिळणारच नाही. गाडी चालतेय तोवर हळू चालवत बाहेर पडायचा प्रयत्न करा. चालतच नसेल तर अगदी डाव्या कडेला लावून मदत बोलवा. कॅमेरे असतात, गस्तीची गाडी येते. तिथे जॅक काढून बसायचा पराक्रम नको. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, आणि जिवावरचं काही असेल तर कुठूनही ११२.

गाडी उभी राहिली की माणसं डावीकडच्या दारांनी बाहेर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या ठिकाणी तर कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. गाडीत बसून वाट बघायची नाही आणि गाडीच्या मागे तर अजिबात उभं राहायचं नाही. डिक्कीत लाल त्रिकोण असतो, तो पॅकिंगमधून कधीच न निघालेला मी शेकडो गाड्यांत बघितलाय. शहरात तो पन्नास पावलं मागे ठेवा, महामार्गावर शंभर मीटर तरी. ठेवायला जाताना कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. त्रिकोण नसला की लोक मोठे दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतात. ठीक, वेळ निभावते. पण चाक बदलून झाल्यावर ते दगड तिथेच ठेवून निघून जाणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. एकदा रात्री बाइकवरून घरी येताना असल्याच एका धोंड्याने माझा खांदा निखळवला होता.

एक गोष्ट बाईमाणूस म्हणून नाही, सगळ्यांनाच सांगतो. सिग्नलला कुणी काचेवर टकटक करून "टायर पंक्चर आहे", "खालून ऑइल गळतंय" असं दाखवलं तर तिथेच उतरू नका. खरंच पंक्चर असेल तर पुढच्या उजेडापर्यंत जायला एक मिनिट लागतं. उतरलात तर गाडी लॉक, किल्ली खिशात, पर्स खांद्याला. सीटवरची बॅग उचलायची ही चोरांची जुनी युक्ती आहे.

आता चाक. उजवीकडचं बसलं असेल आणि बाजूने वाहनं सुसाट जात असतील तर स्वतः बदलायचंच नाही, कारण तुमची पाठ रहदारीकडे असते. डावीकडचं असेल, जमीन सपाट असेल, तर वीस मिनिटांचं काम आहे. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगवर. जे चाक काढायचंय त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा. मग जॅक लावायच्या आधी नट सैल करायचे. हे नव्वद टक्के लोक उलटं करतात. गाडी वर उचलल्यावर घट्ट नटाला जोर दिला की चाक फिरतं आणि जॅक तिरका होतो. चाक जमिनीवर असताना प्रत्येक नट घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. हाताने नाही हलला तर पाना आडवा ठेवून त्याच्या टोकावर पायाने सावकाश वजन द्या. उड्या नकोत, पाना निसटून नडगीवर बसतो. मी माझ्या गिऱ्हाइकांना दोन फूट लोखंडी नळीचा तुकडा देऊन ठेवतो. पान्याच्या दांड्यावर ती चढवली की कॉलेजातली पोरगीसुद्धा नट सोडवते. गाडीबरोबर येणारा पाना कंपन्यांनी इतका आखूड का ठेवलाय हे मला आजवर कळलेलं नाही.

चाकाची रिम अलॉयची असेल तर एक नट वेगळ्या आकाराचा असू शकतो. तो चोरीपासून बचावाचा, त्याची छोटी चावी असते. जुनी गाडी घेतलीत ना, मग ती चावी आधीच्या मालकाकडेच राहिलेली नाही ना, हे आजच बघा.

जॅक कुठे लावायचा हे गाडीच्या पुस्तकात असतं. दाराच्या खालच्या पट्टीला, पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे, प्रत्येक ठिकाणी जवळजवळ दोन खाचा असतात. त्या जवळच्या दोन खाचांच्या मधली जाड कड ती जागा. तिथे सोडून पत्र्याला किंवा प्लास्टिकला लावला तर तळ आत जातो. मुंबईत आणखी एक भानगड आहे, पेव्हर ब्लॉक. वरून सपाट दिसतात, पण पावसाळ्यात खालची रेती वाहून गेलेली असते आणि जॅकचा पाय अर्धी गाडी उचलल्यावर खचतो. फळीचा एक चौरस तुकडा डिक्कीत असू द्या, तो खाली घाला. आणि कितीही भक्कम वाटलं तरी अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालायचा नाही. काढलेलं चाक आडवं करून दाराच्या पट्टीखाली सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी त्याच्यावर बसेल, तुमच्या हातावर नाही.

नट निघाले तरी चाक सुटत नाही, हा या शहराचा खास त्रास. खारी हवा आणि चार महिने पाऊस यांनी अलॉयचं चाक मधल्या हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या लोखंडाला, गंजून चिकटतं. हातोडा शोधू नका. नट परत दोन-दोन आटे लावा, जॅक थोडा खाली करून गाडीचं वजन चाकावर येऊ द्या आणि गाडी बाजूने हलवा. कट्ट आवाज येतो आणि चाक सुटतं. नवीन चाक चढवताना नट हाताने बसवा, मग तिरके तिरके आवळा, म्हणजे एक वरचा, मग त्याच्या समोरचा. गाडी खाली आली की शेवटचा जोर. पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा.

स्टेपनीबद्दल थोडं. हा शब्द आपण इतका आपलासा केलाय की तो पाना-पक्कडीसारखा मराठीच वाटतो. पण तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी, तेव्हाच्या मोटारींना जादा चाकच नसायचं म्हणून, पंक्चर चाकावर अडकवायचं एक जादा चाक विकायला काढलं. त्यांच्याकडे आता तो शब्द फारसा कुणी वापरत नाही, आपल्याकडे मात्र टिकला. शब्द टिकला, चाक मात्र नाहीसं व्हायला लागलंय. ऑक्टोबर २०२० पासून आपल्या नियमांनुसार गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या तशाच येतात. घेताना विचारलेलं बरं.

तुमची गाडी सीएनजीची आहे असं लिहिलंय, तर एक काम या रविवारी करा. तुमची स्टेपनी कुठे आहे ते बघा. काही गाड्यांत ती सिलिंडरखाली असते, काहींत त्याच्या बाजूला उभी बांधलेली, काहींत गाडीच्या पोटाखाली. ती बाहेर कशी काढायची हे रात्री, पावसात, मोबाइलच्या उजेडात पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ नये. तिच्यात हवा आहे का बघा. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत निम्म्या स्टेपन्या चाकापेक्षा जास्त बसलेल्या असतात. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो, छोट्या गाड्यांना बहुधा तीस ते पस्तीस पीएसआय. स्टेपनीत दोन-तीन जास्तच ठेवा. ती बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेक वेळा ८०. तिच्यावर पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, लोणावळ्याला नाही.

आणि स्टेपनीला हात लावायच्या आधी टायरकडे नीट बघा. खिळा दिसतोय आणि हवा हळू हळू उतरतेय? मग खिळा उपटू नका! ट्यूबलेस टायरमध्ये तो खिळाच बुचाचं काम करतोय. बाराशे ते दोन हजारांत हवा भरायचा छोटा पंप मिळतो, गाडीतल्या सॉकेटवर चालतो. हवा भरा आणि थेट दुकान गाठा. तुमच्या बाबतीत हा पंप असता तर नव्वद टक्के तुम्ही घरी पोचला असता.

पंक्चरवाल्याकडे गेल्यावर उभं राहायचं, चहाला जायचं नाही. बहुतेक जण प्रामाणिक आहेत, रात्री दोन वाजताही टपरीत झोपलेले उठून काम करतात. पण एक खिळा दाखवून "मॅडम, चार निघाले" म्हणणारेही आहेत, आणि त्यातली दोन भोकं त्यांच्याच टोच्याची असतात. साबणाचं पाणी तुमच्यासमोर मारायला लावा. जिथे बुडबुडा येतो तिथे खडूने खूण करा, तेवढीच पंक्चरं. बाहेरून दोरीसारखी वात खुपसतात ती शहरात चालून जाते. महामार्गावर जाणार असाल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच मारायला सांगा, पैसे जास्त पण काम पक्कं. टायरच्या बाजूला, म्हणजे जिथे कंपनीचं नाव असतं तिथे, भोक किंवा फुगा असेल तर त्याला इलाज नाही. "होऊन जाईल" असं कुणी म्हणालं तर दुसरं दुकान बघा.

टायर झाला. आता बाकीचं, मुंबईत जे जास्त दिसतं त्या क्रमाने.

बॅटरी. सोमवारी सकाळी आठ ते दहा माझा फोन याच कामासाठी वाजतो. आठवडाभर गाडी सोसायटीत उभी, किंवा रोज दोन किलोमीटर स्टेशनपर्यंत एसी आणि वायपर चालू ठेवून. बॅटरी भरणार कधी? किल्ली फिरवल्यावर टकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलीय. एकच जड "टक्" आणि पुढे काही नाही, दिवे मात्र झगझगीत, तर सेल्फचं, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरचं, दुखणं. डॅशबोर्डच पूर्ण काळा, तर आधी बॅटरीचे टर्मिनल हलवून बघा. पांढरी-हिरवी बुरशी चढून ते सैल पडलेले असतात. कोमट पाण्याने धुऊन, पुसून, आवळले की दहापैकी तीन गाड्या तिथेच सुरू होतात.

जंप स्टार्ट करताना क्रम पाळा. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं दुसरं टोक मेलेल्या बॅटरीला नाही, तर त्या गाडीच्या इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असतो म्हणून. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग स्टार्ट मारा. काढताना बरोबर उलटा क्रम. वॉचमन आणि दोन पोरं बोलावून धक्का मारायची पद्धत फक्त गिअरच्या गाडीला, दुसऱ्या गिअरमध्ये. ऑटोमॅटिकला धक्का मारून काहीही होत नाही, फक्त वॉचमन दमतो.

बटन स्टार्टच्या गाडीत कधी कधी बॅटरी ठणठणीत असते आणि किल्लीतला सेल संपलेला असतो. "किल्ली सापडत नाही" असा संदेश येतो. बऱ्याच गाड्यांत किल्ली बटनाला टेकवून बटन दाबलं की गाडी सुरू होते. या कामासाठी माझ्या माणसाने ऐरोलीपर्यंत फेरी मारलेली आहे.

गाडी गरम होणं. मुंबईत याची दोन रूपं. रांगत्या ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, म्हणजे रेडिएटरचा पंखा चालत नाहीये. फ्यूज, रिले किंवा मोटर. आणि खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना काटा चढतो, म्हणजे बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी आहे किंवा गळतंय. एसीची हवा अचानक गरम यायला लागली तर ते पहिलं लक्षण धरा, इंजिन वाचवायला गाडी एसी आधी बंद करते. तुम्ही एसी बंद करा, काचा खाली करा आणि हीटर पूर्ण लावा. मे महिन्यात हीटर म्हटलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनची गरमी तो तुमच्या अंगावर काढतो. त्याने कडेला पोचायला दोन मिनिटं मिळतात. मग इंजिन बंद, बॉनेट उघडं, आणि अर्धा-पाऊण तास काही करायचं नाही. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही! आत दाबाखालचं पाणी असतं, शंभराच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण सुटलं की ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. माझ्या उस्तादांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत तो डाग होता, कुर्ल्यात नवीन आलेल्या प्रत्येक पोराला ते आधी हात दाखवायचे आणि मग पाना द्यायचे. गाडी निवल्यावर, झाकणावर जाड फडकं ठेवून, हळूहळू फिरवा. पाणी थोडं थोडं घाला. पिण्याच्या बाटलीचं चालतं, नंतर कूलंट नीट बदलून घ्या. तापलेल्या इंजिनवर बाहेरून गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो.

एका गिऱ्हाइकाने फ्रीवेवर काटा लाल झालेला बघितला आणि "ऑफिस चार किलोमीटर" म्हणून नेली. फुटलेल्या होजची किंमत पाचशेच्या आत होती. हेड गॅस्केट, हेड सपाट करणं, मजुरी धरून बिल बेचाळीस हजार झालं.

आता पाणी. याच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरचे दोन महिने आम्ही गॅरेजात फक्त पाण्यातल्या गाड्या उघडत होतो. सीट काढून वाळत घातलेल्या, गल्लीभर कुबट वास. काही माणसं त्या दिवशी गाडीतच अडकून दगावली. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे, पाणी तुंबायच्या जागांची ही नावं तुम्हाला पाठ असतील. तिथे "पुढचा गेला, मीही जाईन" हा विचार करू नका. पुढचा एसयूव्हीत असतो, किंवा तो पलीकडे जाऊन बंद पडलेला असतो आणि ते तुम्हाला दिसत नाही. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत असेल तर माघार. त्याहून कमी असेल आणि जायचंच असेल तर पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये पाय काढायचा नाही, गिअर बदलायचा नाही. बाजूने बेस्टची बस जात असेल तर ती जाईपर्यंत थांबा, तिच्या लाटेने पाणी तुमच्या बॉनेटवर येतं. बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबत चला, ते वाळेपर्यंत नीट लागत नाहीत.

आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारायचा नाही. एकदाही नाही. इंजिनात शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली, पण पुन्हा न फिरवलेली गाडी मी एअर फिल्टर, प्लग, ऑइल काढून, सुकवून दोन-तीन दिवसांत परत देतो. फिरवलेल्या गाडीचं इंजिन बांधायला लागतं. विम्यात बघा: इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलेलं नसेल तर हे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही. पॉलिसी रिन्यू करताना ते जोडून घ्या.

पाणी वाढतंय आणि तुम्ही आत आहात, तर सगळ्यात आधी काच खाली करा. वीज गेली की काचा उतरत नाहीत आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. काच फोडावी लागली तर बाजूची, तीही कोपऱ्यात. पुढची फुटत नाही. हेडरेस्टचे दांडे त्यासाठी बरे, छोटी हातोडी त्याहून बरी, आणि ती डिक्कीत नाही, ड्रायव्हरच्या हाताशी. गाडीचा विचार तेव्हा करायचा नाही, निघायचं.

बाकीचं भराभर सांगतो. ट्रॅफिकमध्ये उड्डाणपुलाच्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय मोडा. जळक्या रबरासारखा वास आला की क्लच प्लेट जातेय, थांबा, पंधरा मिनिटं निवू द्या. वायपर, हॉर्न किंवा एका बाजूचे दिवे अचानक गेले तर फ्यूज बघा. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. गेलेल्याच्या जागी त्याच रंगाचा टाका. मोठा टाकला तर वायर जळते, फ्यूज नाही. पाऊस जोरात असेल आणि वायपरचा फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसऱ्या कुठल्या कमी गरजेच्या गोष्टीचा काढून लावा, मी रेडिओचा लावतो.

सीएनजीच्या गाडीवाल्यांची एक सवय मला पटत नाही, पेट्रोलचा काटा कायम शून्यावर. गॅस संपला, पंपावर रांग वडाळ्यापर्यंत, आणि पेट्रोलवर टाकायला पेट्रोल नाही. शिवाय कोरड्या टाकीत पेट्रोलचा पंप जळतो, तो खर्च वेगळा. चार-पाच लिटर कायम असू द्या आणि आठवड्यातून थोडं पेट्रोलवर चालवा. गॅसचा वास आला तर गाडी बंद, काचा-दारं उघडी, सगळे बाहेर, आणि सिलिंडरवरचा हातव्हॉल्व्ह बंद. तो कुठे आहे हेही त्याच रविवारी बघून घ्या.

टोइंगची वेळ आली तर विम्याच्या कागदात रस्त्यावरच्या मदतीचा नंबर असतो का बघा आणि तो फोनमध्ये साठवा. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडी सपाट गाडीवर चढवूनच न्यायची, चाकं रस्त्यावर ठेवून ओढायची नाही. दोरीने टोचन करायची वेळ आलीच तर हुक टूलकिटमध्ये असतो, बंपरवरचं छोटं झाकण उघडून तो आत फिरवायचा. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक दगडासारखा लागतो, मागच्या गाडीत बसणाऱ्याला हे आधी सांगा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. एकच की दोन? उरलेल्या तीन टायरांच्या बाजूवर चार आकडे शोधा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. जुनी गाडी घेताना हे कुणी बघत नाही, सगळे रंग बघतात. पाच-सहा वर्षांच्या पलीकडचे असतील किंवा बाजूला बारीक चिरा दिसत असतील तर नक्षी कितीही खोल असो, चारही बदलायची तयारी ठेवा. वयाने ठीक असतील तर नक्षीच्या खोबणीत रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात त्या बघा. टायर झिजून त्या पट्ट्यांना टेकला की खोली १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे तो संपला. पावसासाठी मी तीन मिलिमीटरलाच बदलतो. तिन्ही नवेकोरे असतील तर त्याच मापाचा, त्याच कंपनीचा एकच घ्या. अर्धे झिजलेले असतील तर दोन घ्या, एकाच ॲक्सलला लावा, आणि दुकानदार काहीही म्हणाला तरी नवे दोन मागे लावा. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळतं आणि वेग कमी करता येतो, मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. काढलेल्यांतला बरा टायर स्टेपनीला चढवा. आणि वाकलेल्या रिमची कड ठोकून सरळ करून देतो असं कुणी म्हणालं तर, स्टीलची असेल तर हो म्हणा. अलॉय असेल तर आधी तडा गेलाय का ते बघून घ्या.